जाळ, निखारे आणि फुफाटा : चोरलजवळच्या शेतात एक रात्र

मागच्या जानेवारीत आम्ही सहा जणं इंदूरजवळ चोरलच्या बाजूला एका ओळखीच्यांच्या शेतावर रात्रभर राहून आलो, टेंट वगैरे लावून, आणि सगळं जेवण लाकडावर केलं. तेव्हापासून तीन-चार मैत्रिणींनी विचारून झालं की नेमकं काय केलं, किती वेळ लागला, पोरीने खाल्लं का. फोनवर सांगताना अर्धं राहून जातं म्हणून इथे सगळं लिहून काढते. जरा लांबेल, पण हा विषय मला मनापासून आवडायला लागलाय, तर लांबू दे.

आधी बिघडलेल्या वेळेचं सांगते, कारण शिकायला तिथूनच लागलो. त्याच्याही दोन वर्षं आधी सप्टेंबरात आम्ही पातालपाणी-कालाकुंडची हेरिटेज ट्रेन केली होती (२०१८ च्या डिसेंबरात सुरू झाली तीच, जुन्या मीटरगेज लाइनवरची). ही लाइन होळकरांच्या पैशातून झालेली बरं का, १८७० मध्ये दुसऱ्या तुकोजीरावांनी इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्ज दिलं तेव्हा कुठे इंदूर रेल्वेला जोडलं गेलं, आणि आमच्याकडे अजूनही ही गोष्ट घरातल्यासारखी सांगतात. तर ट्रेन झाली, कालाकुंडला कलाकंद घेतला, आणि मग संध्याकाळी गाडीने चोरलला जाऊन नदीजवळ एकांच्या मोकळ्या जागेत टेंट लावला. पोचेपर्यंत अंधार. लाकडं जमवली तीही अंधारात, पावसाने आतून भिजलेली. चुलीसाठी नदीतले छान गोल गोल दगड आणले. कसाबसा जाळ झाला आणि मोठा झाला तशी मी लगेच खिचडी चढवली, दहा मिनिटांत खालून करपली आणि वरचा तांदूळ दाताखाली कच्चा. धुराने सगळ्यांचे डोळे लाल. आणि मग एक दगड फट्‌कन फुटला, बंदुकीसारखा आवाज झाला आणि त्याची कपची पातेल्यावर येऊन आदळली, मुलगी तिथून दोन हातांवर बसली होती. त्या रात्री आम्ही ब्रेडबरोबर सेव खाल्ली, मुलगी कलाकंद खाऊन झोपली, आणि मला झोप आली नाही कारण ती कपची सारखी डोळ्यांसमोर येत होती.

घरी येऊन आत्याला सांगितलं. आत्या ७२ वर्षांची आहे, इंदूरच्या रामबागेतल्या वाड्यात वाढलेली, घरात गॅस आला तोवर चूल आणि कोळशाची शेगडी दोन्ही तिने सांभाळलेली. तिने सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "अगं पण तू जाळावर खिचडी कशाला ठेवलीस?" मला प्रश्नच कळला नाही. आग म्हणजे आग, जाळ नाही तर कशावर ठेवणार. मग ती म्हणाली, "आधी जाळ असतो, मग निखारे, मग फुफाटा. जाळावर पातळ शिजवायचं, निखाऱ्यावर भाजायचं, फुफाट्यात पुरायचं. तू सगळं जाळावरच उरकायला गेलीस."

हे तिचं वाक्य मी वहीत लिहून ठेवलं आणि या वेळचा सगळा मेनू त्याच्यावरच बसवला. म्हणजे काय खायची इच्छा आहे हे आधी ठरवून मग आग त्याच्यामागे पळवायची नाही, आग संध्याकाळी पाचपासून दुसऱ्या दिवशी सकाळी आठपर्यंत ज्या ज्या अवस्थेतून जाईल त्या त्या वेळी तिला जे जमतं ते तिच्यावर ठेवायचं. ऐकायला साधं आहे पण माझ्यासाठी हा मोठा फरक होता. घरच्या गॅसवर बटण फिरवलं की आच कमी, त्याची इतकी सवय झालेली असते की आगीला स्वतःचा वेळ असतो हे डोक्यातच येत नाही.

या वेळी आत्यालाच बरोबर घेतलं. मी, नवरा, आमची मुलगी, माझा भाऊ, वहिनी आणि आत्या.

जागा म्हणजे खंडवा रोडने सिमरोल ओलांडून भेरूघाट उतरला की पुढे, इंदूरपासून साधारण ४० किलोमीटर. घाट उतरताना माळवा संपतो आणि निमाड सुरू होतो, हवा पण बदलते, झाडं पण, साग आणि पळस दिसायला लागतात. मुलीला मी दाखवलं की आपल्याकडच्या क्षिप्रा, गंभीर, चंबळ सगळ्या उत्तरेला वाहतात पण चोरल मात्र उलटी दक्षिणेला नर्मदेकडे जाते. शेतच का, जंगलात का नाही, हे पण सांगते. तिथे आजूबाजूला बरंच राखीव जंगल आहे आणि राखीव जंगलात परवानगीशिवाय आग पेटवणं १९२७ च्या वन कायद्याच्या कलम २६ प्रमाणे गुन्हा आहे, चहापुरती पेटवली तरी. आणि कायदा बाजूला ठेवला तरी पानगळीनंतर सागाचा पाचोळा एका ठिणगीने कसा पेटतो ते एकदा पाहिलं की माणूस परत तिथे काडी ओढणार नाही. मध्य प्रदेशात १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा काळ धरतात, त्या दिवसांत तर मी शेतातसुद्धा करणार नाही. जानेवारी चांगला, थंडी असते, शेकोटी हवीशी वाटते, आणि रात्री दव पडतं.

आम्ही दुपारी अडीचला पोचलो, उजेडात, हे सगळ्यात महत्त्वाचं. शेत बघणारे दादा होते, ते आणि त्यांच्या घरच्यांनी लाकूड आधीच वाळवून ठेवलेलं. बाभळीचे ओंडके, सागाच्या ढलप्या, आणि पेटवायला तुराट्या आणि कपाशीच्या पऱ्हाट्या. वाळलेलं लाकूड ओळखायची खूण त्यांनी मुलीला शिकवली, वाकवलं की कडकन मोडलं पाहिजे, नुसतं लवलं तर ओलं. ओलं लाकूड जळत नाही असं नाही, जळतं, पण त्याची बरीच ताकद स्वतःतलं पाणी वाळवण्यात जाते आणि आपल्या वाट्याला नुसता धूर येतो. बाभळीचे निखारे कडक होतात आणि खूप वेळ टिकतात, तुराटी भर्रकन पेटते आणि संपते, म्हणून दोन्ही लागतात. घरून मी ५० गोवऱ्या घेतल्या होत्या, बाटीसाठी.

मुलगी पुन्हा नदीवरून गोल दगड घेऊन आली तर दादा लगेच म्हणाले, "दीदी, नदी का पत्थर मत लगाओ, फूटेगा." तेव्हा आमच्या त्या फुटलेल्या दगडाचं कारण कळलं. पाण्यात पडून राहिलेल्या दगडाच्या बारीक भेगांत पाणी मुरलेलं असतं, तापलं की त्याची वाफ होते आणि तिला बाहेर पडायला वाट मिळाली नाही की दगड फुटतो. बांधावरचे कोरडे काळे दगड घ्यायचे. तीन दगड मांडले, वाऱ्याच्या बाजूने तोंड ठेवलं, मधे वीतभर खड्डा केला, आणि चारी बाजूंनी दोन-दोन हात वाळलेलं गवत काढून काळी माती मोकळी केली. शेजारी पाण्याची बादली. हे सगळं व्हायच्या आधी आत्याने काडी पेटवू दिली नाही.

पेटवायला कापराच्या दोन वड्या आणि नारळाची शेंडी पुरते. रॉकेल अजिबात नको, बाटीला वास लागतो तो तुपानेही जात नाही. आणि एक गोष्ट सगळ्यांना सांगते, काड्याकुड्या गोळा करताना कण्हेर ओळखून बाजूला ठेवा. बागेच्या कडेला सगळीकडे लावलेली असते, आणि ती सगळीच्या सगळी विषारी. तिच्या काडीला पनीर वगैरे खोचून भाजायचं नाही, तिचा धूरही घ्यायचा नाही. रंग दिलेलं लाकूड आणि प्लायवूडही नको.

तर साडेचारला पेटवलं आणि जाळ आहे तोवर पातळ, म्हणजे आधी चहा आणि मग डाळ. तुरीची डाळ घरून निघतानाच डब्यात भिजत घातली होती, मूठभर मूग डाळ पण. सहा जणांना ३५० ग्रॅम डाळ पुरून उरली. भिजवल्यामुळे उघड्या पातेल्यात पाऊण तासात शिजली. कुकर नेऊ नका असं माझं स्पष्ट मत आहे, त्याची रबरी रिंग आणि हँडल उघड्या जाळासाठी केलेलेच नसतात. आत्याने तिचं जुनं पितळी पातेलं आणलं होतं, कल्हई केलेलं, आणि त्याची एक काळजी आहे. कल्हई म्हणजे कथील, आणि कथील २३२ अंशालाच वितळतं, म्हणून ते भांडं रिकामं किंवा नुसतं तेल घालून जाळावर ठेवायचं नाही. आत पाणी आहे तोवर पाणी १०० अंशांच्या वर जात नाही आणि कल्हई सुरक्षित राहते. म्हणून फोडणी वेगळी, लोखंडी पळीत. आणि पातेलं चढवायच्या आधी आत्याने त्याला बाहेरून ओल्या मातीचा पातळ लेप दिला, बुडाला आणि निम्म्या उंचीपर्यंत. सगळी काजळी त्या मातीवर बसते आणि नंतर मातीबरोबर निघून जाते. वहिनीला हे माहीतच नव्हतं, ती स्क्रबरची चार पॅकेट घेऊन आली होती, त्यातलं एकही उघडावं लागलं नाही.

डाळ शिजतेय तोवर मोठे ओंडके घालत राहायचे, डाळीसाठी नाही, पुढच्या निखाऱ्यांसाठी. इथेच मागच्या वेळी चुकलं होतं. जेवायला बसायच्या दीड-दोन तास आधी पुरेसं लाकूड जळून गेलेलं पाहिजे, म्हणजे आठला जेवायचं तर सहाला सगळं लाकूड आत. ते दोन तास काही न करता आगीजवळ बसणं हाच खरा स्वयंपाक आहे, आणि भावाला तेच जमत नव्हतं, तो सारखा काठीने ढोसत होता. आत्याने शेवटी काठी काढून घेतली.

जाळ बसला, लाल निखाऱ्यांवर पांढरी राखेची साय धरायला लागली की वांगी. चार मोठी वांगी, प्रत्येकाला सुरीने टोचे मारून आत लसणाच्या पाकळ्या खोचल्या आणि तेलाचा हात लावला. टोचे मारलेच पाहिजेत, नाहीतर आतल्या वाफेने वांगं फुटतं, कारण तेच, दगडासारखंच. दर तीन-चार मिनिटांनी फिरवायचं. वीस मिनिटांत साल काळी ठिक्कर होऊन मऊ पडली. साल हाताने काढायची, पाण्याखाली धरायची नाही, कारण ज्याच्यासाठी एवढं केलं तो धुराचा स्वाद सगळा पाण्याबरोबर जातो. बाजूला हिरव्या मिरच्या आणि दोन कांदे सालासकट निखाऱ्यावर टाकले. मग भरीत, त्यात भाजलेली मिरची लसूण ठेचून, भाजलेला कांदा, कच्ची कांद्याची पात, दाण्याचं कूट, मीठ, आणि वरून कच्चं तेल. फोडणी दिली नाही. गॅसवर भाजलेल्या वांग्याचं भरीत मी आयुष्यभर खाल्लंय आणि ते वाईट नसतं, पण हे वेगळंच प्रकरण होतं, मी आणि वहिनी पातेल्यातूनच बोटाने चाखत राहिलो.

आता बाटी. इथे घरात आधीच वाद झालेला, आत्याचं म्हणणं बाफलेच करायचे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, बाफला म्हणजे कणकेचा गोळा आधी उकळत्या पाण्यात शिजवायचा, तो वर तरंगला की काढून निथळायचा आणि मग गोवऱ्यांवर भाजायचा. बाटी नुसती भाजायची. बाफला आतून मऊ आणि खुसखुशीत होतो यात शंका नाही, माळव्यात गोठ (म्हणजे सगळ्यांनी मिळून करायची मेजवानी) म्हटली की दाल-बाफलेच. पण कॅम्पवर अजून एक मोठं पातेलं, अजून दहा लिटर पाणी, अजून एक तास. भाऊ म्हणाला बाटीच कर, आणि शेवटी आत्या ऐकली, पण तिने कणकेत एक चमचा दही घालायला लावलं, मऊपणासाठी.

एक किलो जाडसर, रवाळ दळलेली कणीक, आपल्याकडे गिरणीत बाटीचा आटा सांगितलं की देतात. त्यात मूठभर मक्याचं पीठ, ओवा, मीठ, थोडी हळद, दही, आणि दीडशे ग्रॅम तुपाचं मोहन. मोहन बरोबर पडलं की पीठ मुठीत दाबल्यावर मूठ वळते आणि तशीच राहते. घट्ट मळून अर्धा तास झाकून ठेवायचं. त्याच्या वीस-बावीस बाट्या होतात, मोठ्या लिंबापेक्षा जरा मोठ्या.

गोवऱ्या चुलीच्या बाजूला वेगळ्या रचून पेटवल्या होत्या. गोवरी लाकडासारखी भडकत नाही, हळूहळू आतपर्यंत जळत जाते आणि आकार न सोडता सगळीकडून सारखी धग देते, म्हणून बाटीला गोवरीच हवी. जाळ आणि धूर पूर्ण संपला की पसरवून त्यांच्यावर बाट्या मांडल्या, आधी नुसत्या फिरवून सगळ्या बाजूंनी रंग आणला, आणि मग फुफाटा ओढून बाट्या त्यात पुरून टाकल्या. फुफाटा म्हणजे गरम राख, तिच्यात बारीक निखारे मिसळलेले. राखेतून उष्णता लवकर बाहेर जात नाही, म्हणून आत जणू बंद भट्टी तयार होते, जळायची भीती नाही आणि मधल्या भागापर्यंत शिजतं. पंचवीस मिनिटं. एक काढून दाबून बघितली, तडकली पाहिजे आणि तडकलेल्या जागी आत कच्ची चिकट कणीक दिसता कामा नये. मग सुती फडक्यात घेऊन राख झटकायची, दोन्ही हातांनी जरा दाबून फोडायची आणि सरळ तुपात. थोडी राख राहतेच, ती खाल्ली जाते, काही होत नाही.

पहिली बाटी आत्याला दिली. तिने डाळ घातली, चुरली, एक घास खाल्ला आणि म्हणाली, "बाफल्याची सर नाही, पण शिजलीय." तिच्याकडून हे खूप आहे.

त्याच फुफाट्यात आम्ही बटाटे आणि गराडू पण पुरले होते. गराडू म्हणजे इंदूरच्या सराफ्यात, रात्रीच्या खाऊबाजारात, थंडीत तळून, वर जिरावण (आपला इंदुरी चटपटा मसाला) आणि लिंबू मारून मिळतो तो कंद. भाजून कधी खाल्ला नव्हता म्हणून दोन मोठे तुकडे सालासकट टाकून बघितले. बटाट्याला चाळीस मिनिटं लागली, गराडूला तासाच्या वर, आणि एका तुकड्याचा मधला भाग तरी कडकच राहिला, तो परत पुरला. पण जो शिजला तो आतून लोण्यासारखा, वरून जिरावण, काळं मीठ आणि लिंबू, मुलीने बाटीपेक्षा तेच जास्त खाल्लं. बटाट्यांना फॉइल गुंडाळायचा सल्ला सगळीकडे असतो पण मला तो पटत नाही. बटाट्याला स्वतःची साल आहे ना, ती करपते आणि आतला भाग तिच्यामुळेच वाचतो, आणि फॉइलमध्ये तो भाजल्यासारखा न लागता उकडल्यासारखा लागतो. शिवाय ते फॉइलचे बोळे शेतात राहून जातात.

आमचं चाललेलं बघून दादांच्या घरच्या ताई पण येऊन बसल्या आणि त्यांनी आम्हाला पानिये करून दाखवले. मक्याचं पीठ गरम पाण्यात मीठ घालून मळलं, तळहाताएवढी जाड भाकरी थापली, पळसाच्या दोन पानांच्या मधे ठेवली आणि गोवऱ्यांच्या मधे सरकवून दिली. पानं वरून जळतात पण आत ओलावा धरून ठेवतात, भाकरी कोरडी पडत नाही आणि पानाच्या शिरा भाकरीवर उमटतात. झाबुआ, अलीराजपूरकडे डाळ-पानिये म्हणजे सणाचं जेवण. तवा नाही, लाटणं नाही, भांडं घासायचं नाही. एवढा सामानसुमान घेऊन आलेल्या आम्ही सगळ्या गप्प बघत होतो. पुढच्या वेळी मी कणीक कमी आणि मक्याचं पीठ जास्त नेणार आहे, ताईंनी पानं कशी निवडायची ते दाखवलंय, खूप कोवळं नको, फाटतं, आणि खूप जुनं नको, तडकतं.

रात्री साडेदहाला निखारे अजून होते आणि थंडी चांगली पडली होती. नवरा म्हणाला घमेल्यात थोडे निखारे घेऊन टेंटमध्ये ठेवू या, पोरीला ऊब मिळेल. इथे मी अडून बसले आणि तुम्ही पण अडून बसा, कृपा करून. निखारे जळताना कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला रंग नाही, वास नाही, बंद जागेत माणूस झोपेतच बेशुद्ध होतो आणि उठत नाही. धूर दिसत नाही म्हणून निखारे निर्धोक वाटतात, ते तसे नाहीत. दर हिवाळ्यात शेगडी खोलीत ठेवून झोपलेल्यांची बातमी पेपरात येतेच. गोधडी घ्या, टोपी घाला, गरम पाण्याची बाटली पायाशी ठेवा, पण विस्तव टेंटच्या आत नाही, पाच मिनिटांसाठी पण नाही. आम्ही बाटली भरली.

उरलेलं जेवण आणि तुपाचा डबा गाडीत बंद केला. त्या भागात बिबटे आहेत आणि अन्नाच्या वासाने कुत्री, कोल्हीही येतात.

मग आत्याने विस्तव निजवला. तिचाच शब्द. सगळे मोठे निखारे खड्ड्याच्या मधे गोळा केले, वरून राखेचा चार बोटं थर दिला आणि त्याच्यावर लोखंडी घमेलं उपडं घालून वर दगड ठेवला, म्हणजे वारा सुटला तरी ठिणगी उडणार नाही. तिच्या लहानपणी वाड्यात रोज रात्री असंच करायचे, काडी वाचायची, आणि एखाद्या घरचा विस्तव विझला तर सकाळी शेजारून तव्यावर मागून आणायचा. मला वाटलं सकाळपर्यंत काय राहणार, आणि सहाला घमेलं काढून राख सारली तर खाली लालभडक. दोन शेंड्या, चार तुराट्या, फुंकणीने तीन फुंकरा, पेटलं. मुलीने फुंकर मारली, तिला ते रात्रीच्या सगळ्या जेवणापेक्षा भारी वाटलं, अजून सांगत असते सगळ्यांना.

सकाळची आग लहान असते आणि पोह्यांना तशीच हवी. आलं घालून चहा, मग कढईत पोहे, बडीशेप, मोहरी, हिरवी मिरची, थोडी साखर, झाकण ठेवून वाफ, आणि वर सेव, जिरावण, बारीक कांदा. इंदूरच्या माणसाला पोह्यांशिवाय सकाळ होत नाही, मग ती शेतात का असेना. शिळ्या बाट्या उरल्या होत्या त्या कुस्करून, तूप गूळ घालून गरम कढईत परतल्या, त्याचा चुरमा झाला. तो मी मुद्दाम केला नव्हता पण पुढच्या वेळी बाट्या मुद्दाम जास्त करणार.

भांडी राखेने आणि नारळाच्या शेंडीने घासली, मातीचा लेप ओला करून पुसला तर खाली पितळ जसंच्या तसं. विस्तव विझवायला अर्धी बादली पाणी, मग काठीने ढवळायचं, परत पाणी, परत ढवळायचं, आणि शेवटी हाताचा तळवा राखेच्या जवळ नेऊन, मग टेकवून बघायचं. हात ठेवता आला पाहिजे. वरून ओली दिसणारी राख आत तासनतास धगधगत असते म्हणून नुसतं पाणी ओतून निघायचं नाही. दगड बांधावर परत, खड्डा बुजवला, राख दादांनी वांग्याच्या वाफ्यात टाकायला ठेवून घेतली. ओला कचरा त्यांच्या उकिरड्यात, कोरडा आमच्या पिशवीत बांधून घरी. २०१७ पासून सलग कित्येक वर्षं आपलं शहर स्वच्छतेत पहिलं आलंय, घरात पोरं सुद्धा ओला-सुका विचारून टाकतात, ती सवय भेरूघाट उतरल्यावर सुटायला नको.

उरलेल्या बारा गोवऱ्या आणि जिरावणाचं पाकीट ताईंना देऊन आलो, त्यांनी मुलीच्या हातात मक्याच्या पिठाची पिशवी दिली. आता भुट्ट्यांच्या दिवसांत यायचं ठरलंय, आत्याने अट घातलीय की त्या वेळी मोठं पातेलं न्यायचं आणि बाफले करायचे.